धंद्याची खबर

जो मनुष्य हातानें एखादा धंदा करतो, त्यानें त्या धंद्याविषयीं चार ओळी लिहूनही ठेवाव्या, ही गोष्ट आपल्या शेतकरीवर्गास अद्याप पुरतेपणीं पटलेली नाहीं. लिहिणें हें पंडितांचें काम व नांगर धरणें हें आपलें, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे. ती खोटी ठरविणारें उदाहरण नांगराच्याच एका कारखान्यांत घडलें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनेल अशी पुष्कळांची समजूत होती. त्यामुळें पहिले नांगर फार संथपणें खपले. माल उत्तम असून भागत नाहीं. तो उत्तम कां, हें घेणाऱ्यास समजेल अशा भाषेंत सांगावें लागतें. पुढें 1910 सालीं औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 सालीं तेथून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव मूळचे चित्रकार. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता देणें, एवढाच त्या पत्राचा आरंभींचा व्याप.

परंतु रोप जोमदार निघालें. उद्योगाच्या वार्तेमागून उद्योगी मनुष्याच्या संसाराचे व समाजाचे प्रश्न त्यांत येऊं लागले. 1929 सालीं ‘खबर’ हा शब्द गळून नुसतें ‘किर्लोस्कर’ नांव राहिलें. 1930 सालीं ‘स्त्री’ व 1934 सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें त्यास लाभलीं. सावरकर 1924 ते 1937 पर्यंत रत्नागिरीस स्थानबद्ध होते; त्या काळांत त्यांनीं लिहिलेले विज्ञानविषयक निबंध याच मासिकांतून महाराष्ट्रभर वाचले गेले. नांगराच्या वार्तापत्रानें एवढी मजल मारली!

या वाढीचें मर्म आम्हांस असें वाटतें, कीं लिहिणाराच्या पाठीशीं प्रत्यक्ष धंदा होता, आणि वाचणारास नुसता गिऱ्हाईक न मानतां विचार करणारा मनुष्य मानलें होतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. हापूस हें लहरी झाड; एका सालीं लगडतें, दुसऱ्या सालीं रुसतें. पावसाळ्यानंतर नवी पालवी फुटली, तर त्या फांदीस मोहोर उशिरां येतो किंवा येतच नाहीं. नेमानें फळ यावें म्हणून जुलै-ऑगस्टांत मुळांशीं पॅक्लोब्युट्राझोल घालतात. त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावरून ठरते. व्यास मोजून कोठें लिहिलाच नसेल, तर मात्रा अदमासानें पडणार, आणि अदमासाची शिक्षा झाडास भोगावी लागणार. दापोलीचें कृषि विद्यापीठ 1972 पासून कोंकणासाठीं झटत आहे. 1981 सालीं पुढें आलेली ‘रत्ना’ ही नीलम व हापूस यांच्या संकराची जात त्याच परंपरेंतली. तथापि तुमच्या कातळावरील अमुक कलमास मोहोर कोणत्या तारखेस आला, तुडतुडे केव्हां दिसले, अवेळीं पाऊस कधीं पडला, हें तुमच्यावांचून दुसरें कोण लिहिणार? ऋतूंचें वेळापत्रक बिघडत चाललें असतां वडिलांच्या आठवणीवर विसंबणें पुरेसें नाहीं. आणि ती आठवणही वडिलांबरोबरच जाते.

म्हणून प्रत्येक बागाईतदारानें झाडांस क्रमांक देऊन एक वही घालावी. पालवी, मोहोर, फवारणी, फळांची संख्या व हातीं आलेला भाव, एवढीं पांच सदरें पुरेत. फसलेला प्रयोगही लिहावा. शेजाऱ्याचे पैसे त्यानेंच वांचतात. तीन सालें वही नेटानें चालली, म्हणजे आपली बाग आपल्याशीं बोलूं लागेल. मग त्यांतील निवडक भाग या मासिकाकडे धाडावा. भाषा साधी असली तरी चालेल, आंकडे मात्र खरे असावे. ‘खबर’ मोठी झाली ती कारखान्यांतून. आपली खबर बागेंतून निघाली पाहिजे.