इनु (कांजी)

इनु हे जपानी भाषेतील 'कुत्रा' या अर्थाचे चित्राक्षर (कांजी) आहे. त्याचा देशी उच्चार 'इनु' आणि चिनी परंपरेतून आलेला उच्चार 'केन' असा होतो. जपानच्या प्राथमिक शाळेत पहिल्या इयत्तेला जी ८० चित्राक्षरे शिकवतात त्यांत याचा समावेश आहे. गाय, घोडा, पक्षी व मासा ही अक्षरे दुसऱ्या इयत्तेत येतात. मांजराचे अक्षर तर प्राथमिक शाळेच्या यादीतच नाही.

लेखन

या अक्षरात चार रेघा आहेत. पहिली आडवी रेघ डावीकडून उजवीकडे जाते. दुसरी तिच्या वरून सुरू होऊन तिला छेदते व डावीकडे खाली उतरते. तिसरी त्या छेदापासून उजवीकडे खाली जाते. शेवटी आडव्या रेघेच्या वर, उजव्या कोपऱ्यात टिंब द्यायचे. देवनागरीत अक्षर काढून झाल्यावर शिरोरेघ ओढण्याची सवय हाताला जडलेली असते; येथे आडवी रेघ सर्वांत आधी काढावी लागते, म्हणून मराठी विद्यार्थ्याने ही सवय प्रथम बाजूला ठेवावी.

खरी परीक्षा टिंबाची. टिंब दिलेच नाही तर अक्षराचा अर्थ 'मोठा' असा होतो. तेच टिंब वर न देता खाली, दोन तिरप्या रेघांच्या मध्ये दिले, तर 'जाड' हा अर्थ निघतो. 'मोठे' हे अक्षर हात-पाय पसरून उभ्या राहिलेल्या माणसाचे चित्र आहे. त्यामुळे 'मोठ्या माणसाच्या खांद्याशी कुत्रा' अशी खूण अनेक जण लक्षात ठेवतात. पाठांतरास ती उपयोगी असली तरी व्युत्पत्ती म्हणून खरी नाही. चीनमधील प्राचीन अस्थिलेखांत हे अक्षर म्हणजे शेपटी वळवलेल्या, उभ्या रेखाटलेल्या कुत्र्याचे चित्र होते. लिहिता लिहिता ते झिजत गेले आणि माणसाच्या अक्षरासारखे दिसू लागले.

गळालेले टिंब

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने लिपी सोपी केली, तेव्हा काही जोडाक्षरांतील कुत्र्याचे टिंब वगळण्यात आले. 'दुर्गंध' या अक्षरात वर नाक व खाली कुत्रा होता. आता नाकाखाली 'मोठा' उरला आहे. 'भांडे' या अक्षराच्या मध्यभागीही असेच झाले. मात्र 'हुंगणे' हे अक्षर २०१० मध्ये नित्योपयोगी यादीत आले ते टिंबासह. परिणामी हुंगणाऱ्याजवळ कुत्रा आहे आणि दुर्गंधात नाही, अशी मौज झाली आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. पूर्वी 'नांव' म्हणजे संज्ञा आणि 'नाव' म्हणजे होडी असा भेद टिंबाने दाखवीत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले व दोन्ही शब्द सारखे झाले. नागपूरचा विदर्भ साहित्य संघ हा या महामंडळाच्या घटक संस्थांपैकी एक. सुलभीकरणाने लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, पण शब्दाचा मागोवा घेणाऱ्याचे वाढले, हे दोन्ही भाषांबाबत म्हणता येते.

उच्चार

एकाच अक्षराला दोन उच्चार कसे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मराठीतच आहे. घराच्या दारात असतो तो कुत्रा, पण पोलिसांचे पथक मात्र श्वानपथक. तसाच जपानीत एकटा असतो तो 'इनु', आणि सामासिक शब्दांत बहुधा 'केन' येतो : 'बानकेन' (राखणीचा कुत्रा), 'मोदोकेन' (अंधांना वाट दाखवणारा कुत्रा), 'क्योकेनब्यो' (रेबीज). हा नियम पक्का नाही. 'कोइनु' (पिल्लू) व 'इनुगोया' (कुत्र्याचे खुराडे) या समासांत देशी उच्चारच टिकला आहे.

तोक्योतील शिबुया स्थानकापाशी हाचिको या अकिता जातीच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचे धनी प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये वारले. त्यानंतर ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत तो स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. त्याचा उल्लेख 'चुकेन', म्हणजे 'निष्ठावान श्वान', असा करतात. त्यातही हेच अक्षर आहे.

इतर अक्षरांत

डाव्या बाजूस आल्यावर हे अक्षर तीन रेघांचे, अरुंद रूप घेते व 'पशू' असा सर्वसाधारण अर्थ सुचवते. कोल्हा, लांडगा, माकड ही अक्षरे अशीच बनली आहेत. मांजराच्या अक्षरातही डावीकडे कुत्राच बसलेला आहे! कुत्रा व माकड यांच्या अक्षरांनी मिळून 'केन्एन' हा शब्द होतो. मराठीत ज्याला विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात, ते जपानीत या दोघांचे.

राशिचक्रातील श्वानवर्षासाठी (उदाहरणार्थ २०१८) मात्र हे अक्षर वापरीत नाहीत. त्यासाठी वेगळे अक्षर आहे, आणि त्याचाही उच्चार 'इनु' असाच होतो.