ठाण्याची माती, सोपाऱ्याच्या अस्थी

होर्मुझहून निघालेल्या जहाजातल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांना खरं तर कोल्लमला उतरायचं होतं. जहाज ठाण्याला लागलं आणि एप्रिल १३२१मध्ये त्यांच्यापैकी चौघे तिथेच मारले गेले : टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. सोबतीला आलेला डॉमिनिकन पंथाचा जॉर्डन तेव्हा गावाबाहेर होता, म्हणून वाचला. चौघांना त्यानंच सोपाऱ्यात पुरलं आणि ती बातमी पत्रानं स्वधर्मीयांना कळवली.

पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी इथे आला. त्यानं १३३०मध्ये पादुआत आपली प्रवासकथा सांगून लिहून घेतली. त्या कथेत या पाद्र्यांचा काझीपुढे वाद होतो, जेम्सला आगीत लोटतात आणि तो न जळता बाहेर येतो; अंगाला तेल चोपडून पुन्हा लोटतात, तरी तेच. ठाण्याचा अधिकारी, मलिक, त्यांना सोडतो, पण रात्री मारेकरी पाठवले जातात.

हा अग्निप्रसंग त्या काळच्या फ्रान्सिस्कनांना ओळखीचा वाटला असणार. १२१९मध्ये त्यांचा गुरू, असिसीचा फ्रान्सिस, इजिप्तच्या सुलतानाला भेटला होता. आगीत शिरून धर्माची परीक्षा देतो, असं तो म्हणाल्याचं बोनाव्हेंचरनं लिहिलेल्या त्याच्या चरित्रात आहे. सुलतानानं ते मान्य केलं नाही. गुरूची अधुरी राहिलेली परीक्षा शिष्यानं ठाण्यात दिली! ओडोरिकला खोटारडा ठरवण्यात मला अर्थ दिसत नाही. संतचरित्राचा जो साचा तो लहानपणापासून ऐकत आला, त्यातच त्यानं ऐकीव हकिकत ओतली.

मला मोलाची वाटते ती त्याची दुसरी नोंद. ठाण्यातले हिंदू आणि मुसलमान आजारी पडले की त्या हत्येच्या जागेवरची माती आणत, पाण्यात कालवून पीत आणि बरे होत, असं तो सांगतो. संत ठरवण्याचा अधिकार १२३४च्या धर्मसंहितेनं पोपकडे राखून ठेवला होता. इथे मात्र ज्यांना रोम ठाऊक नव्हतं, त्यांनीच आधी त्या मातीला हात जोडले. आजाऱ्यानं थडग्याची माती उचलावी, ही तर आपल्याकडे आजही दिसणारी गोष्ट.

ओडोरिकनं अस्थी उकरल्या, स्वच्छ कापडात बांधल्या आणि चीनमधल्या छुआनचौ बंदरातल्या मठात नेल्या. वाटेत एका घराला आग लावली गेली. अस्थी उशाशी घेऊन तो ज्या कोपऱ्यात निजला होता, तो कोपरा तेवढा वाचला, असं तो सांगतो. पुढे वारा पडून जहाज अडलं, तेव्हा आपापल्या देवांना साऱ्यांनी आळवून पाहिलं. शेवटी एक हाड समुद्रात टाकलं आणि शिडं भरली. मध्ययुगीन श्रद्धेत संत आपल्या हाडांत जिवंत वावरत असे, म्हणून ती गाठोडी म्हणजे ओडोरिकच्या दृष्टीनं चार सहप्रवासीच होते.

१३३१च्या जानेवारीत उदिने इथे ओडोरिक वारला आणि त्याच्याही थडग्यापाशी चमत्कारांच्या कथा सुरू झाल्या. त्याच्या भक्तीला रोमनं १७५५मध्ये मान्यता दिली. ज्याच्या अस्थी तो वाहून नेत होता, त्या थॉमसला ती १८९४मध्ये मिळाली.