विद्यार्थी-सेवकांचे संगणकीय प्रशिक्षण

विद्यार्थी-सेवकांचे संगणकीय प्रशिक्षण : शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्यास वेतन देऊन संगणककेंद्रातील प्रत्यक्ष कामावर नेमणे व त्या कामातूनच आज्ञावलीलेखन, प्रणालीची देखभाल यांसारखी विशेष कौशल्ये त्याच्या अंगी बाणविणे. विसाव्या शतकाच्या मध्यास विद्यापीठांत संगणक आले, तेव्हा ही कौशल्ये शिकविणारे अभ्यासक्रम जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे ही पद्धत गरजेपोटीच रूढ झाली.

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी (१९२६–९२) व टॉमस कुर्ट्‌झ (१९२८–२०२४) या गणिताच्या प्राध्यापकांनी कालविभागणी प्रणाली उभारताना तिचे बरेचसे आज्ञावलीलेखन पदवीपूर्व विद्यार्थ्यांवर सोपविले. संदेशांची ने-आण करणारे डेटानेट-३० व प्रत्यक्ष गणन करणारे जीई-२२५ अशी दोन यंत्रे तीत होती. मायकेल बुश व जॉन मॅकगेची या विद्यार्थ्यांनी त्यांच्या नियंत्रक आज्ञावल्या रचल्या. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन दूरमुद्रकांवरून बेसिक भाषेतील आज्ञावल्या एकाच वेळी चालविण्यात आल्या. अशा कामात शिकणे व काम करणे वेगळे काढता येत नाही. चूक यंत्रावर उघडी पडते आणि ती ज्याची त्यालाच निस्तरावी लागते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये स्थापनेबरोबरच सहकारी शिक्षणपद्धती अंगीकारली. तीत अध्ययनसत्रे व सवेतन कार्यसत्रे आळीपाळीने येतात. तेथील चार विद्यार्थ्यांनी १९६५ मध्ये आयबीएम ७०४० या संगणकासाठी वॉटफोर ही फोर्ट्रान भाषेची अनुवादक आज्ञावली अध्यापकाच्या देखरेखीखाली लिहिली. नवशिक्यांच्या आज्ञावल्या लहान, पण चुकांनी भरलेल्या असतात. प्रचलित अनुवादकाचा बहुतेक वेळ अनुवादातच खर्ची पडे आणि चुकांचा निर्देशही दुर्बोध असे. वॉटफोर अनुवाद झपाट्याने करी व चूक स्पष्ट दाखवी. ही अडचण विद्यार्थ्यांनी स्वतः सोसलेली असल्याने उपायही त्यांनाच नेमका सुचला, असे म्हणता येते. पुढे वॉटफोरचा वापर इतर अनेक विद्यापीठांतही झाला.

या पद्धतीतील मुख्य दोष म्हणजे सेवक तरबेज होतो न होतो तोच पदवी घेऊन निघून जातो व त्याच्याबरोबर प्रणालीची माहितीही जाते. म्हणून जाणाऱ्या व येणाऱ्या विद्यार्थ्यांचा काही काळ एकत्र ठेवतात, प्रत्येक बदलाची लेखी नोंद सक्तीची करतात आणि इतरांच्या माहितीला हात लावण्याचे अधिकार टप्प्याटप्प्याने देतात. अनुभवी मार्गदर्शकाचा वेळ यात बराच खर्च होतो. तो वाचविणाऱ्या केंद्रांत विद्यार्थी फिती बदलणे, छपाईचे कागद वाटणे अशा किरकोळ कामांतच अडकतो. त्याचे वेतन तेवढे स्वस्त पडते, प्रशिक्षण मात्र होत नाही.