कालवड विकावी की राखावी?

1 जानेवारी 2025 च्या मोजदादीत अमेरिकेतली एकूण गुरे 8 कोटी 67 लाख भरली. 1951 नंतरचा तोपर्यंतचा हा सर्वांत कमी आकडा. त्याच वर्षी मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या वासरांना मात्र विक्रमी भाव मिळत होता. भाव चढला की माल वाढतो, हा बाजाराचा नियम इथे का चालेना? कांदा भडकला की शेतकरी पुढच्या हंगामात लागवड वाढवतो आणि चार-पाच महिन्यांत बाजार समित्या भरून वाहतात. गुरांच्या धंद्यात उलटे होते. कळप वाढवायचे ठरले, की बाजारात येणारा माल आधी आणखी आटतो. कारण कालवड हा विकायचा मालही असतो आणि उद्याचा माल देणारी गायही तीच.

नेब्रास्का-टेक्सास म्हटले की हजारो गुरांचे कुरण डोळ्यांपुढे येते, पण वासरे विकणाऱ्याचा सरासरी कळप पन्नास गायींच्याही आतला आहे. गाई बहुधा वसंतात वितात. सहा-आठ महिन्यांनी वासरे आईपासून तोडतात आणि पाच-सहाशे पौंडांची झाली की लिलावात उभी करतात. पुढे त्यांना चाऱ्यावर आणि शेवटी मक्यावर पोसणारे व्यापारी वेगळे. यातली एखादी कालवड राखली, तर ती चौदा-पंधरा महिन्यांची झाल्यावर भरवायची, नऊ महिने सांभाळायची आणि तिचे पहिले वासरू पुन्हा वाढवायचे. या शरदात सोडलेला पैसा दोन वर्षांनंतरच्या शरदात हाती येतो. त्यात काही कालवडी गाभणच राहत नाहीत. 2014 च्या विक्रमी भावात ज्यांनी कालवडी राखल्या, त्यांची पहिली वासरे 2016 मध्ये लिलावात आली, तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर आला होता. तो घाव ताजा असताना 2025 चा चढा भाव राखण्यापेक्षा विकण्याचीच भुरळ घालत होता.

मग गाई न वाढवता वासरेच जड करून का विकू नयेत? कारण वजन वाढले की पौंडामागचा भाव उतरतो. समजा, पाचशे पौंडांच्या वासराला पौंडाला 4 डॉलर मिळाले, तर 2,000 डॉलर झाले. सहाशे पौंडांना 3.60 चा भाव धरला, तर 2,160. म्हणजे वाढलेल्या शंभर पौंडांचे मोल प्रत्येकी 1.60 डॉलर, त्यातूनच चारा, खुराक, औषध आणि मरतुक भागवायची. गवत घरचे असेल तर जमते, विकत घ्यायचे तर अवघड.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कत्तलीला येणाऱ्या पोसलेल्या गुरांपैकी सुमारे 85 टक्के चारच कंपन्या घेतात, तेव्हा हा सगळा त्यांचाच डाव नव्हे का? नफ्याच्या वाटणीत त्यांचे वर्चस्व खरेच. त्यावर अंकुश हवा, हेही मला पटते. पण गुरांची टंचाई त्यांनाही जाचते. या चौघांपैकीच एक असलेल्या टायसनने नोव्हेंबर 2025 मध्ये नेब्रास्कातला लेक्झिंग्टनचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली, ती गुरे पुरेशी मिळेनात म्हणूनच. त्यात मांस खाणाऱ्या अळीच्या माशीमुळे मेक्सिकोतून येणारी वासरेही 2025 मध्ये अडली. कळप खरोखर वाढू लागला की नाही, हे मक्यावर पोसल्या जाणाऱ्या गुरांतल्या कालवडींच्या प्रमाणावरून कळते. कालवडी राखल्या जाऊ लागल्या की ते उतरते. 2025 मध्ये मात्र ते 38 टक्क्यांच्या आसपास टिकून होते. म्हणजे कालवडी अजून विकल्याच जात होत्या.