ओळंब्यासमोरचा माणूस

फिजिओथेरपीच्या ओपीडीत एका भिंतीवर चौकटी आखलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे वरून ओळंबा सोडलेला असतो. रुग्णाला त्याच्या बाजूला असं उभं करायचं की दोरी घोट्याच्या हाडाच्या जरा पुढे येईल. मग नजर वर न्यायची. गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून, खुब्याच्या किंचित मागून, खांद्याच्या मधून दोरी कानाच्या पाळीपर्यंत गेली की पुस्तकातलं पोश्चर जमलं. असा माणूस मला क्वचितच भेटतो. ज्यांचं काहीच दुखत नाही, तेही असे नसतात.

पहिल्या मिनिटात दिसतं ते तर मुळीच धरायचं नाही. कुणी बघतंय म्हटल्यावर जो तो छाती काढून, पोट आत घेऊन उभा राहतो. मी डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावते, थांबवते आणि मगच बघते.

एक तरुण मानदुखी घेऊन आला होता. सोबत मोबाइलवरचा रिपोर्ट: बाजूने काढलेला फोटो, त्यावर लाल रेघा आणि मान इतके सेंटिमीटर पुढे असल्याचा निकाल. त्याचा एकच प्रश्न होता, "मॅडम, मान जागेवर कधी येणार?" मी त्याला कॉलेजातला एखादा जुना फोटो दाखवायला सांगितलं. मान तेव्हाही तेवढीच पुढे होती, दुखत मात्र नव्हती. पुढे विचारत गेले तेव्हा कळलं, कामाची मुदत जवळ आलीय, झोप चार तासांवर आलीय आणि दुखेल या धास्तीने तो मान वळवतच नाही. यातलं काहीही त्या लाल रेघांत नव्हतं.

मान ६० अंशांत झुकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१४ सालच्या एका संगणकीय गणिताचा आहे. त्यात भार मोजला होता, कुणाचं दुखणं नव्हे. ऑस्ट्रेलियात हजाराहून जास्त १७ वर्षांच्या मुलामुलींची बसताना मान कशी असते हे तपासलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. तरीही फोटो दाखवून लोकांना घाबरवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. घाबरलेला माणूस हालचाल टाळतो आणि न हलल्याने त्याचं दुखणं लांबतं.

पण म्हणून काही मी ओळंबा काढून टाकलेला नाही. वाढीच्या वयातल्या मुलीची ओढणी एकाच खांद्यावरून घसरते, फ्रॉकची कड एका बाजूला वर जाते, असं आईच्या लक्षात येतं. दुखत बहुधा काहीच नसतं. मी तिला तळहात जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगते आणि मागून पाठीच्या पातळीवर नजर आणून बघते. एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आल्या, तर कणा नुसता कललेला नाही, पिळलाही आहे. विल्यम ॲडम्स यांच्या नावाची ही चाचणी १८६५ पासूनची आहे. एक्स-रेवर बाक १० अंश किंवा जास्त भरला तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. तो वाढू लागला तर योग्य वयात दिलेल्या पट्ट्याने बरेचदा शस्त्रक्रिया टळते. मात्र तोच एक्स-रे दोघांनी मोजला तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. तीन अंश वाढले म्हणून घर हवालदिल करू नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. लहान मुलाला जमिनीवरचं नाणं उचलायला सांगितलं आणि ते पाठ न वाकवता, ताठच्या ताठ उकिडवं बसलं, तर मी कणा हलक्या हाताने चाचपते. एखादा मणका टोकदार बाहेर आलेला असला, संध्याकाळी ताप येत असला, वजन उतरत असलं, तर टीबीची तपासणी त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. साठीपुढच्या बाईचं पाठ टेकवून उभं राहूनही डोकं भिंतीला लागेना आणि उंचीही घटलेली असली, तर ठिसूळ झालेले मणके दबल्याची शंका घ्यायची. तिला "ताठ उभ्या राहा" म्हणून काय होणार?

साधारण १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींना अधूनमधून पाठ उघडी करून पुढे वाकवून बघा. त्याला एक मिनिट पुरतं. आणि पाठ दुखतेय म्हणून गेल्यावर कुणी नुसता फोटो काढून महिन्याचं पॅकेज पुढे केलं, तर पैसे भरू नका. रात्री दुखून जाग येते का, ताप येतो का, पायाला मुंग्या येतात का, पायातली ताकद कमी झालीय का, लघवीवरचा ताबा सुटतोय का, हे विचारणाऱ्याकडे जा.