स्वहस्ते श्मश्रू

मनुष्याच्या नित्यकर्मांपैकी कित्येक कर्मे इतकी क्षुद्र वाटतात की, त्यांविषयी लेख लिहावा असे कोणाच्याही मनात येत नाही. श्मश्रू हे त्यांतलेच एक होय. परंतु आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांत दरवर्षी काही मुलांना मिसरूड फुटते, आणि त्यांपैकी बहुतेकांना या कामी कोणीही काही शिकवलेले नसते. संकोचामुळे मुलगा विचारीत नाही व वडिलांना सांगण्याचे सुचत नाही. मग एके दिवशी घरातील वडील माणसांची हत्यारे गुपचूप घेऊन प्रयोग होतो आणि गालावर दोन-चार ओरखडे घेऊन विद्यार्थी वर्गात येतो. जे काम पुढे चाळीस-पन्नास वर्षे करावयाचे, ते आरंभीच नीट समजून घेतलेले बरे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

ही कला फार प्राचीन आहे. पवित्र शास्त्रात योसेफाची कथा आहे. त्याला बंदिशाळेतून काढून फारो राजापुढे नेण्यापूर्वी त्याने श्मश्रू केली व वस्त्रे बदलली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. आपल्याकडे तर गावगाड्यात न्हाव्याचे स्थान ठरलेलेच होते. बारा बलुतेदारांपैकी तो एक. धोकटीत वस्तरा, कैची, नराणी, आरसा व पाण्याची वाटी घेऊन तो घरोघर जाई आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य नेई. त्याच्या हाती लोक आपला गळा निःशंकपणे देत, यावरूनच त्याच्यावरील विश्वास दिसून येतो. याच व्यवसायात राहून संतपदवीस पोहोचलेल्या सेना महाराजांचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही?

तथापि या चित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी जाणली पाहिजे. न्हाव्याचा वस्तरा सर्वांसाठी नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या साताऱ्यातील बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की, त्यांच्या घरी हजामतीचे काम त्यांची थोरली बहीण करीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, किंवा त्यांना द्यावयास पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या डोक्यास हात लावावयास कोणी न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण. महात्मा गांधींनाही असाच अनुभव परदेशात आला. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरात एका गोऱ्या केशकर्तनकाराने त्यांचे केस कापण्याचे तुच्छतेने नाकारले. तेव्हा त्यांनी केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशापुढे उभे राहून स्वतःच आपले केस कापले. पुढची बाजू कशीबशी साधली, मागची बिघडली, व न्यायालयातील स्नेहीमंडळी पोट धरून हसली. परंतु आत्मचरित्रात हा प्रसंग सांगताना त्यांनी त्या गोऱ्या मनुष्यास दोष दिलेला नाही. आपणही स्वदेशी आपल्या अस्पृश्य बांधवांची श्मश्रू न्हाव्यास करू देत नाही, त्याचेच हे फळ, असे ते म्हणतात. हेच गांधीजी पुढे १९३६ साली आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे येऊन राहिले.

यात न्हावी समाजाचा दोष म्हणावा, तर तो गावाच्या रूढीने बांधलेला होता. रूढी मोडण्याचे धैर्यही त्याच समाजाने दाखविले आहे. १८९० साली मुंबईत, महात्मा जोतीराव फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली व विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही, असा निश्चय करण्यात आला. वस्तरा तोच, तो कोणत्या कामास लावावा व कोणत्या कामास लावू नये, हे हात ठरवितो.

आता ज्या साधनामुळे हे कर्म प्रत्येकाच्या स्वतःच्या हाती आले, त्याकडे वळू. उघडा वस्तरा चालविण्यास सराव लागतो. त्याची धार दगडावर व चामड्याच्या पट्ट्यावर सतत राखावी लागते. धारेच्या पुढे आड ठेवून जखम टाळावी, ही कल्पना फ्रान्समधील पेरे नावाच्या कारागिराने अठराव्या शतकातच मांडली होती. परंतु तिला व्यवहारात यश दिले ते अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट याने. पाते इतके पातळ व स्वस्त करावे की, बोथट होताच ते टाकून नवे घालता यावे, हा त्याचा विचार. एवढ्या पातळ पोलादास धार येणार नाही, असे जाणकारांनी त्यास सांगितले. पण विल्यम निकर्सन या यंत्रज्ञाच्या साहाय्याने ती अडचण दूर झाली. १९०१ साली कंपनी स्थापन झाली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली! दुसरा कोणी असता तर दुकान बंद करून बसला असता. पुढच्याच वर्षी विक्री हजारांच्या घरात गेली, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लक्ष रेझर घेतले. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा वाढलेल्या दाढीवर घट्ट बसत नाही, हेही त्याचे एक कारण होते. पुढे आपल्या देशातही पाती तयार होऊ लागली, आणि ठाण्याच्या कारखान्यातील पाती खेड्यापाड्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचली. या लहानशा पात्याने विकत घेणाराची जात विचारली नाही, हा त्याचा मोठा गुण समजावा.

परंतु पाते कितीही चांगले असले तरी दाढीचे निम्मे काम पाणी व साबण करतात. कोरडा केस चिवट असतो; दोन-तीन मिनिटे ऊन पाण्याने भिजला म्हणजे तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो व कमी जोराने कापला जातो. म्हणून स्नानानंतर लगेच दाढी करणे उत्तम. साबणाचा फेस हे पाणी केसांपाशी धरून ठेवतो आणि पाते त्वचेवरून सहज सरकेल असे करतो. तेल किंवा चरबी व दाहक क्षार यांच्या संयोगाने साबण होतो. दाहक सोड्याने केलेला साबण कठीण होतो व दाहक पोटॅशने केलेला मऊ होतो. दाढीच्या साबणात बहुधा दोन्हींचा उपयोग करतात. त्यामुळे वडीही राहते आणि फेसही दाट व टिकाऊ येतो. अंगाच्या साबणाचा फेस लवकर विरतो, याचे कारण हेच.

विहिरीचे पाणी जड असेल तर फेस येत नाही, उलट भांड्याच्या कडेला पांढरा साका बसतो. पाण्यातील चुन्याचे क्षार साबणास फाडतात, म्हणून असे होते. पाणी उकळून निवळून घेतल्यास हा दोष पुष्कळसा कमी होतो. पावसाचे साठविलेले पाणी मिळाल्यास सर्वांत चांगले.

फेस हातानेही लावता येतो. मग ब्रशाचे प्रयोजन काय? ब्रश पाणी धरतो, फेसात हवा मिसळतो आणि आडवे पडलेले केस उभे करतो. तो गोल फिरवून सर्व केसांच्या मुळाशी फेस पोहोचू द्यावा. काम झाल्यावर ब्रश स्वच्छ धुऊन, झटकून, हवेशीर जागी वाळवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे कित्येक सैनिकांना काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, भयंकर रोग जडला होता. स्वच्छतेचे साधनच अस्वच्छ असले तर त्याचा असा परिणाम होतो.

आता प्रत्यक्ष कृती. मूठ हलक्या हाताने धरावी. पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील असे ठेवावे. दुसऱ्या हाताने कातडी किंचित ताणावी व ज्या दिशेला केस वाढतात त्याच दिशेने लहान लहान फटकारे द्यावेत. जोर मुळीच देऊ नये. रेझरचे स्वतःचे वजन पुरेसे असते. नवशिक्यांच्या बहुतेक जखमा जोर दिल्याने किंवा घाई केल्याने होतात. हनुवटी व गळा येथे केसांची दिशा बदलते, म्हणून बोटाने चाचपून पाहावे. मुरमे असतील तेथे पाते फिरवू नये. शेवटी थंड पाण्याने तोंड धुऊन तुरटीचा ओला खडा फिरवावा. तुरटीने त्वचा आवळते व बारीक ओरखड्यांतील रक्त थांबते. याहून अधिक सुगंधी द्रव्याची गरज नाही.

दोन सूचना मात्र कधीही विसरू नयेत. पहिली अशी की, एकाचे पाते दुसऱ्याने वापरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातूनही कावीळ ब व कावीळ क या रोगांचा संसर्ग होऊ शकतो. सलूनमध्येही आपल्यासाठी नवे पाते घालण्यास विनयपूर्वक सांगावे. दुसरी सूचना दुसऱ्याच्या हिताची आहे. वापरलेले पाते उकिरड्यावर उघडे टाकू नये. ते उद्या कचरा उचलणाऱ्या माणसाच्या बोटात शिरते किंवा गाईच्या तोंडात जाते. रिकाम्या डब्याच्या झाकणास चीर पाडून त्यात पाती जमवावीत, आणि डबा भरला म्हणजे तो बंद करून, आत काय आहे ते सांगून, सफाई कामगाराच्या हाती द्यावा. स्वतःचा चेहरा स्वच्छ करताना दुसऱ्याचा हात रक्तबंबाळ करणे हे शिष्टाचारातही बसत नाही व धर्मातही बसत नाही.

हल्ली विजेची यंत्रे व तीन-चार पात्यांचे रेझर निघाले आहेत. ज्यास परवडेल त्याने ते वापरावेत. धर्मनियमाने किंवा आवडीने जे दाढी राखतात, त्यांच्या दाढीचीही निगा स्वच्छतेनेच करावी लागते. दाढी असण्या-नसण्यावरून कोणाची योग्यता ठरत नाही. तसेच स्वहस्ते श्मश्रू करावयास शिकणे म्हणजे न्हाव्यास तुच्छ लेखणे नव्हे. उलट, तेच काम स्वतः करून पाहिले म्हणजे त्याच्या हाताचे कौशल्य किती मोठे आहे, हे कळते.

पालकांस विनंती अशी की, मुलास पहिला रेझर द्यावा तो स्वतः शेजारी उभे राहून. दहा मिनिटांच्या या पाठात सावधपणा, स्वच्छता व स्वावलंबन हे तिन्ही धडे येतात, आणि परक्याच्या बोटाची काळजी घेण्याचा चौथाही येतो. तो चौथा धडा मुलाने घेतला, तर पहिले तीन त्याला आपोआप साधतील.