इंटरनेट रेडिओवरची गाणी लावून ठेवताना

इंटरनेट रेडिओवर रात्री तीन वाजता लागलेले गाणे सहसा कोणी माणसाने लावलेले नसते. ते स्वयंचालन सॉफ्टवेअरने निवडलेले असते. रिव्हेंडेल, लिब्रेटाइम, अझुराकास्ट ही अशी काही सॉफ्टवेअर, तिन्ही विनामूल्य मिळणारी. छोट्या हौशी केंद्राला त्यांतले अझुराकास्ट सोयीचे पडते. त्यात गाणी एकामागून एक जोडण्याचे काम लिक्विडसोप हा प्रोग्राम करतो आणि तयार झालेला आवाज आइसकास्टमार्फत श्रोत्यांपर्यंत जातो.

या यंत्राला गाणे ऐकू येत नाही, फाइलवर लिहिलेली माहिती तेवढी वाचता येते. एमपी३ फाइलमध्ये ही माहिती आयडी३ टॅगमध्ये असते. १९९६च्या सुमारास आलेल्या पहिल्या रूपात शीर्षकाला अवघी ३० अक्षरे मिळत आणि देवनागरीची सोयच नव्हती. पुढच्या आवृत्तीत युनिकोड आले आणि ती अडचण सरली. विस्कळीतपणा मात्र उरला. एका फाइलवर ‘भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’, तिसरीवर रोमन लिपीत तेच नाव असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते तीन निराळे गायक. एकच गायक लागोपाठ येऊ नये, अशी सूचना दिलेली असली तरी मग ती निरुपयोगी ठरते. नावाची एकच पद्धत ठरवून सगळे टॅग तपासणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून पुढे काहीच नीट होत नाही.

गायक, अल्बम, वर्ष ही माहिती टॅगमध्ये असल्यावर त्यांच्या नावाने फोल्डर करण्यात फारसा अर्थ नाही. फोल्डर वापरानुसार करावेत: भावगीते, नाट्यगीते, शास्त्रीय, केंद्राच्या ओळखधुना. अझुराकास्टमध्ये फोल्डर थेट प्लेलिस्टला जोडता येतो. त्यात टाकलेली नवी फाइल आपोआप त्या यादीत जाते. जागेचा प्रश्न किरकोळ आहे. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ला मिनिटाला सुमारे एक एमबी लागतो, म्हणजे चार मिनिटांची हजार गाणी साधारण चार जीबीत बसतात.

नेहमीच्या प्लेलिस्टना ‘वजन’ देतात. भावगीतांना ३ आणि नाट्यगीतांना १ दिले, तर तीन भावगीतांमागे सरासरी एक नाट्यगीत लागते. ओळखधून दर काही गाण्यांनंतर, दर काही मिनिटांनी किंवा तासातून एकदा लावता येते आणि श्रोत्याला दिसणाऱ्या गाण्याच्या नावांतून ती लपवताही येते. क्रमाचे दोन पर्याय मात्र नवखा माणूस हमखास एकच समजतो. एकात सगळी यादी एकदा पिसली जाते आणि ती संपेपर्यंत कोणतेही गाणे पुन्हा येत नाही. दुसऱ्यात प्रत्येक वेळी नव्याने चिठ्ठी काढली जाते, त्यामुळे तेच गाणे लवकर परतू शकते. छोट्या संग्रहाला पहिलाच पर्याय बरा.

शास्त्रीय संगीतासाठी वेळापत्रक हवेच. सकाळी भैरव आणि संध्याकाळी यमन हवा, तर दोघांच्या प्लेलिस्ट वेगळ्या करून प्रत्येकीला वेळ नेमून द्यावी लागते. इथे केंद्राचा टाइम झोन तपासून घ्यावा. तो यूटीसीवर राहिला, तर सकाळी सहाचा भैरव भारतात साडेअकराला लागतो. शिवाय ठरलेली वेळ झाली तरी सॉफ्टवेअर एरवी चालू गाणे तोडत नाही. पाच वाजून पन्नास मिनिटांनी चाळीस मिनिटांचा ख्याल सुरू झाला असेल, तर सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. मध्येच तोडण्याची सूचना देता येते, पण रंगलेला ख्याल तोडण्यापेक्षा लांब ध्वनिमुद्रणे सर्वसाधारण यादीतून बाहेर काढलेली चांगली.

लिब्रेटाइमची पद्धत थोडी वेगळी आहे. त्यात गाण्यांऐवजी अटी देता येतात: अमुक प्रकार, अमुक वर्षे, एकूण एक तास. त्या अटींत बसणारी गाणी सॉफ्टवेअर स्वतः गोळा करते. अर्थात टॅग रिकामे असतील, तर हाती काहीच लागत नाही.

शेवटी आवाज. जुन्या तबकडीवरून उतरवलेले गाणे बारीक आणि त्यामागून येणारे नवे गाणे दणदणीत, असा झटका श्रोत्याला बसू नये म्हणून रिप्लेगेनसारख्या पद्धतीने पातळी जुळवतात. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाआधीची कुजबुज किंवा अखेरची लांबलेली शांतता वगळण्यासाठी फाइल कापावी लागत नाही. वाजवणे कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे, एवढ्या दोन खुणा नोंदवल्या की पुरते.